नेव्हिओच्या गाडीतली उजवी सीट

आमच्या मोंतेग्रिल्लोत कोणाचं कोणाशी जमलं हे चर्चच्या फळ्यावर लागायच्या आधी जुलैच्या शेवटच्या रविवारी कळतं. त्या दिवशी संत क्रिस्तोफोरोचा, म्हणजे गाड्याघोड्यांच्या राखणदाराचा सण. गावातली झाडून सगळी वाहनं, ट्रॅक्टर, दूधवाल्याची तिचाकी, अगदी मयताची गाडीसुद्धा, एका ओळीत कोर्व्हो खिंडीपर्यंत चढतात आणि वर फादर उल्देरिको प्रत्येकीच्या बॉनेटवर पवित्र पाणी शिंपडतात. बॉनेट बघतात ते एकटे फादर. बाकी गाव बघतं ती चालवणाऱ्याच्या शेजारची, उजवी सीट; आमच्याकडे चालवणारा डावीकडे बसतो. एकट्या पुरुषाच्या शेजारी एखादी विधवा किंवा बिनलग्नाची बाई पायथ्यापासून खिंडीपर्यंत बसून गेली, की समजायचं जमलं. पुढचा साखरपुडा नुसता उपचार. अर्ध्या वाटेत उतरली, तर मोडलं.

नेव्हिओ सांजोर्जी या मिरवणुकीत दर वर्षी असायचा आणि दर वर्षी त्याच्या शेजारच्या सीटवर त्याची टोपी असायची.

नेव्हिओच्या घराबद्दल सांगितलंच पाहिजे, नाहीतर माणूस कळायचा नाही. बाप कट्टर देवबुडवा. पोरांना संतांची नावं द्यायची नाहीत ही त्याची प्रतिज्ञा. थोरल्या मुलीचं नाव त्यानं ‘विचार’ ठेवलं आणि मुलाचं ‘संप’. चेष्टा नाही, दोघांची नावं नगरपालिकेत तशीच लागली आहेत आणि संपराव आयुष्यभर सरकारी नोकरीत होते. तिसऱ्या वेळी आई शहाणी झाली. नवरा सभेला गेलेला बघून तिनं बाळाला उचललं, कचेरीत जाऊन ‘नेव्हिओ’ असं साधं नाव लावलं आणि घरी येऊन कपडे धुवायला बसली. या पोराची पुढची सगळी तऱ्हा आईवर गेली. बोलायचं कमी, करायचं ते गुपचूप.

पोरगा ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मास्तर आम्लेतोच्या हाताखाली तयार झाला. आम्लेतो बहिरट होता, पण गाडीचा आजार बुडाला कळतो, कानाला नाही, असं त्याचं शास्त्र होतं. त्या शास्त्राचा पहिला नियम असा, की गाडी तपासायला नेताना शेजारी कोणाला बसवायचं नाही. शेजारचा बोलतो, आणि बोलणं ऐकलं की बूड ऐकायचं थांबतं. नेव्हिओनं हा नियम गुरुमंत्रासारखा पाळला. म्हातारा वारल्यावर गॅरेज त्याच्याकडे आलं, नियमही आला. लग्न तेवढं राहून गेलं. का राहिलं यावर माझ्या दुकानातल्या खुर्चीवर दाढीला बसलेल्या प्रत्येकाचं वेगळं मत होतं. मी सगळ्यांना होकार द्यायचो, हातात वस्तरा असला तरी माणसानं वाद घालू नये.

लग्नाच्या जागी त्याच्याकडे ती लाल गाडी होती. दोनच सीटांची, उघडी, साठ सालानंतर तिच्या तारुण्यात गावातल्या डॉक्टरांनी मिरवलेली आणि मग कोंबड्यांच्या खुराड्यात पडलेली. नेव्हिओनं ती तिथून काढली आणि अकरा वर्षं तिच्यावर घालवली. पुरात बुडालेल्या एका थोराड गाडीचं इंजिन तिच्यात बसवलं, पाच गिअरचा लांबलचक गिअरबॉक्स बसवला. गिअरबॉक्स लांबला म्हणून त्याच्यापासून मागच्या आसापर्यंत फिरत जाणारा शाफ्ट कापून आखूड केला, फोर्ली शहरात नेऊन त्याचा तोल साधून आणला. मागचे स्प्रिंगचे पाटे उतरवून गाडी बसकी केली. एवढं झाल्यावर ती अशी पळायची, की नदीकाठच्या सरळ रस्त्यावर पोलीस शिट्टी तोंडाशी नेईपर्यंत ही वळणापार.

आता दिर्चे. चौकातल्या पियादिनाच्या टपरीची मालकीण. तव्यावरची तिची गरम पियादिना, म्हणजे आमच्याकडची पोळी, आत चीज आणि हिरवा पाला, हातात घेतली की माणूस राजकारणसुद्धा विसरतो. धिप्पाड, गोरीपान, दंड असे की कणीक घाबरून मळून घेते. नवरा प्रिमो ट्रक चालवायचा, तो जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. नेव्हिओ रोज दुपारी तिच्याकडे यायचा. पियादिना एक, आणि उभा राहायचा तास. हे सगळ्या गावाला दिसत होतं. फक्त त्या दोघांना वाटायचं की दिसत नाही.

त्या वर्षी दिर्चेच्या रिमिनीच्या बहिणीनं निरोप धाडला, की माझं पाहुण्यांचं घर एकटीला झेपत नाही, टपरी विक आणि सप्टेंबरात इकडे ये. दिर्चेनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. नेव्हिओच्या तोंडची पियादिना मात्र पळाली. सणाला दोन आठवडे उरले असताना त्यानं सगळा धीर गोळा केला.

“सिन्योरा दिर्चे, यंदा खिंडीला तुम्ही कशानं जाणार?”

“पायानं. दर वर्षी जाते तशी.”

“माझ्या गाडीत जागा आहे.”

“तिथे तुमची टोपी बसते ना?”

“टोपी मी डोक्यावर घालीन.”

आमच्याकडे याला प्रेमपत्र म्हणतात. दिर्चेनं तवा पुसला, पुन्हा पुसला आणि म्हणाली, “आधी नदीपर्यंत एक चक्कर मारून आणा. बघू.”

रविवारी सकाळी दोघं निघाली. दिर्चेनं निळा रुमाल बांधलेला, कानात आईची डुलं. आम्ही बारच्या पायरीवर ओळीनं बसून टाटा केला. अर्ध्या तासानं नदीच्या बाजूनं दिर्चे चालत आली. बूट हातात, रुमाल गळ्यात, चेहरा तव्यासारखा तापलेला. मागून पायी चालण्याच्या वेगानं नेव्हिओ गाडी आणत होता आणि बाहेर वाकून “सिन्योरा, बसा तरी” म्हणत होता. ती काही बसली नाही.

झालं असं. सरळ रस्त्यावर ऐंशीचा वेग आला आणि दिर्चेच्या खाली कोणीतरी शिलाई मशीन चालवायला लागलं. आधी बारीक, मग सीट, मग पायाखालचा पत्रा, मग सगळीच बाई. कानातली डुलं वाजायला लागली, समोरचा कप्पा आपोआप उघडला आणि त्यातला पाना तिच्या मांडीवर येऊन पडला.

“थांबवा,” ती म्हणाली. उतरल्यावर आणखी दोन वाक्यं बोलली, ती नेव्हिओनं मला नंतर पडेल आवाजात सांगितलं. “सगळ्या गावासमोर मी जेलीसारखी थुलथुलत खिंडीत जाणार नाही. आधी हिला बरी करा, मग माझ्याशी बोला.”

नेव्हिओ त्याच दुपारी त्याच रस्त्यावर एकटा गेला. ऐंशी, नव्वद, शंभर. गाडी लोण्यासारखी. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, तेच. चाकं काढून तोलून आणली, पुढची मागे, मागची पुढे केली. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस, म्हणजे सांधे, उघडले, तर बेअरिंगं नवी करकरीत. शाफ्ट एका बाजूला जड असेल म्हणून त्यावर रबरी नळीची पत्र्याची क्लिप आवळली, ती थोडी फिरवायची, गाडी पळवून यायची, पुन्हा फिरवायची. पण मुळात थरथरच नाही तर कमी काय होणार? निरोगी माणसाची नाडी बघत बसल्यासारखं चाललं होतं. हे सगळं अर्थात एकट्यानं, मास्तर आम्लेतोच्या नियमानं.

बारमध्ये निदान केव्हाच झालं होतं.

“प्रिमो आहे तो,” गाउदेन्झिओ म्हणाला. हा आमचा कसाई. दुकानातलं सगळ्यात मोठं जनावर तोच, असं त्याची बायकोच म्हणते. “बायको परक्याच्या गाडीत बसली, मेलेल्याला खपलं नाही. ट्रकवाला तो, हलवून हलवून उतरवली.”

ही कथा संध्याकाळपर्यंत टपरीवर पोचली. दिर्चेनं पियादिना उलटता उलटता माझ्या बायकोला उत्तर दिलं, “प्रिमोला मी ओळखते. जिवंतपणी उठून पाण्याचा पेला घेत नव्हता. मेल्यावर कशाला येतोय एवढी मेहनत करायला.”

नेव्हिओ सुकत चालला. सण पुढच्या रविवारवर आला. मंगळवारी संध्याकाळी तो बारमध्ये येऊन पेला घेऊन बसला, आणि गाउदेन्झिओला राहवेना.

“बाई बसली की थरथरते आणि तू एकटा असलास की शहाण्यासारखी चालते. माझं गाढव असंच होतं.”

“तुझ्या गाढवाला शाफ्ट नव्हता.”

“शाफ्ट नव्हता, पण मत होतं.”

सगळे हसले. नेव्हिओ हसला नाही. त्याचा पेला तोंडाकडे जाता जाता हवेतच थांबला. “एकटा असलो की,” तो पुटपुटला. मग उठला, माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाला, “चला, बसा गाडीत.” गुरूचा नियम मोडायला त्याला पन्नाशी उलटावी लागली.

मी म्हणजे काडी पहिलवान. माझ्या बायकोच्या शब्दांत, वाऱ्याच्या दिवशी खिशात किल्ल्या ठेवून फिरणारा. ऐंशीला गाडी गेली, नव्वदला गेली, माझी टोपी गेली, थरथर काही आली नाही. नेव्हिओनं गाडी वळवली आणि बारसमोर उभी केली.

“गाउदेन्झिओ, तू ये.”

गाउदेन्झिओ आत शिरला तो एकदम नव्हे, हप्त्याहप्त्यानं. गाडीनं मागच्या बाजूनं सुस्कारा सोडला आणि खाली बसली. पुढचं मला त्यानंच सांगितलं. सत्तरला दात वाजायला लागले, ऐंशीला तोंडातली विडी पडली. “थांब, मेल्या,” तो ओरडत होता, आणि नेव्हिओ मात्र आनंदानं मांडीवर थापा मारत होता, हरवलेली वस्तू सापडल्यासारखा. त्याच वेगात त्यानं गिअर बदलला, थरथर तशीच. न्यूट्रलमध्ये टाकून इंजिनच बंद केलं, थरथर तशीच. म्हणजे इंजिन निर्दोष सुटलं. दोष त्याच्या मागे, फिरणाऱ्या शाफ्टमध्ये, आणि तोही गाडीची पाठ खाली बसली तरच.

मग नेव्हिओनं गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर घेतली. गाउदेन्झिओला उतरू दिलं नाही, खाली उतरून ओळंबा आणि शाळेतला कोनमापक लावला. वर आला तो तोंडावर ग्रीस आणि अपराध्याचा भाव घेऊन.

“मिळालं?” मी विचारलं.

“मिळालं.”

“मग तोंड का असं?”

“आता हे तिला सांगायचं कसं?”

आमच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. थरथरीचं कारण म्हणजे शेजारच्या माणसाचं वजन. गावातल्या सगळ्यात देखण्या विधवेला जाऊन सांगायचं, की बाई, तुम्ही बसलात की माझ्या गाडीचा कणा वाकतो. आणि एवढ्यावर भागत नव्हतं. दुरुस्तीसाठी गाडीच्या आसाखाली लोखंडी पाचरी घालून कोन जुळवायचा होता, आणि तो जुळवायचा तर शेजारी नेमकं किती वजन बसणार ते माहीत हवं.

“एवढंच ना,” गाउदेन्झिओ म्हणाला. “मी तीस वर्षं डोळ्यानं वजन सांगतोय. हाडासकट…”

“ती वासरू नाही,” नेव्हिओ म्हणाला, इतक्या शांतपणे की गाउदेन्झिओनं पुढचा आकडा गिळला. मग आम्ही तिघांनी शपथ घेतली, की ही गोष्ट या खड्ड्याबाहेर जाणार नाही.

मोंतेग्रिल्लोत शपथ ही वस्तू फार ताजी विकली जाते. गाउदेन्झिओनं ती रात्रीच्या जेवणात बायकोला वाढली, आणि बायकोनं सकाळी टपरीच्या रांगेत उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “दिर्चे, त्या गाडीला म्हणे तुझा भार सोसत नाही.”

भर दुपारी, गाव खिडक्या लावून झोपलेलं असताना, दिर्चे गॅरेजच्या दारात उभी राहिली. मी तिथेच पीच खात बसलो होतो, म्हणून ही गोष्ट ऐकीव नाही. तिच्या एका हातात लाटणं होतं आणि दुसऱ्या हातात शेंगांची टोपली. बहुतेक जे हाताला लागलं ते घेऊन निघाली असावी.

“नेव्हिओ,” ती म्हणाली. सिन्योर गेलं, तुम्ही गेलं. “तुझ्या गाडीला काय झालंय ते मला एका वाक्यात सांग. गोड करू नकोस.”

नेव्हिओनं हात पुसले. मला वाटलं आता हा घाम पुसत इंजिनबद्दल काहीतरी थाप मारणार.

“गाडी मी जुळवली तेव्हा उजवी सीट रिकामी होती,” तो म्हणाला. “अकरा वर्षं रिकामीच होती. मी एकटा बसायचो आणि खाली वाकून कोन बघायचो. तिथे कोणी बसेल असं मी कधी धरलंच नाही. चूक माझ्या मापात आहे, तुमच्यात नाही.”

हे एक वाक्य नव्हतं, पण दिर्चेनं मोजलं नाही. तिनं एकदा त्या सीटकडे बघितलं. मग लाटणं माझ्या मांडीवर ठेवलं, गाडीचं दार उघडलं आणि आत बसली. गाडीनं सुस्कारा सोडला.

“मोज,” ती म्हणाली.

पुढचा जो तास-दीड तास गेला तसा आमच्या गावात पुन्हा गेला नाही. नेव्हिओ खड्ड्यात, दिर्चे वर सीटवर टोपली मांडीवर घेऊन शेंगा सोलतेय, आणि दोघांचं बोलणं गाडीच्या तळातून.

“पण हलतं कशानं? मला समजेल असं सांग.”

“शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा आहे. सांधा वाकडा फिरला की एका फेरीत दोनदा पुढे ओढतो, दोनदा मागे राहतो. दुसरा सांधा तेवढाच वाकडा असला तर तो बरोबर उलट करतो आणि आपल्याला काही कळत नाही.”

“वॉल्ट्झसारखं.”

“कसं?”

“प्रिमो नाचताना एकीकडे झोके खायचा. मी तेवढेच दुसरीकडे खायचे. लोक म्हणायचे, काय सुंदर नाचतात.”

खड्ड्यात पाना खणखणला. मग, “तसंच. तुम्ही बसलात की मागचा सांधा जास्त वाकतो आणि पुढच्याला ते माहीत नसतं.”

“मग पुढच्याला सांगायचं कोणी?”

“पाचरीनं. जरा हलू नका.”

“मी हललेले नाही. तूच थरथरतोयस.”

एव्हाना खिडक्या उघडल्या होत्या. दारात गाव गोळा झालं, गाउदेन्झिओ बायकोच्या मागे लपून. कोणीतरी वाइन आणली. फादर उल्देरिको आले आणि काय चाललंय ते समजून घेतल्यावर म्हणाले, की हे एका परीनं विवाहपूर्व मार्गदर्शनच आहे, आमच्याकडे ते जोडप्यांना बसवून देतात, इथे एकाला खड्ड्यात घालून देताहेत इतकाच फरक. दिर्चेनं सोललेले दाणे त्यांच्या ओंजळीत ओतले. “घ्या फादर, आणि प्रकाशातून बाजूला व्हा, त्याला दिसत नाही.”

पाचरी बसल्या तशी दोघं नदीपर्यंत गेली. या खेपेला बारच्या पायरीवर कोणी टाटा केला नाही, सगळे श्वास धरून बसले होते. गाडी परत आली ती चौकातून शंभरच्या वेगानं गेली, थांबलीच नाही, पुन्हा नदीकडे. दिर्चेचा रुमाल मागे उडत होता आणि ती हसत होती. तिला एवढं हसताना मी तिच्या पहिल्या लग्नातही पाहिलं नव्हतं, आणि त्या लग्नात प्रिमो वेदीसमोर घसरून पडला होता.

रविवारी ती पायथ्यापासून खिंडीपर्यंत उजव्या सीटवर बसून गेली. टोपी नेव्हिओच्या डोक्यावर. माझी बायको रडली, गाउदेन्झिओची रडली, गाउदेन्झिओही रडला, पण तो सॉसेज संपलं तरी रडतो.

वर पोचल्यावर, जेवणाच्या टेबलावर, सारण भरलेल्या काप्पेल्लेत्तीचं दुसरं ताट खाता खाता माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आणि मला गप्प बसवेना.

“दिर्चे, एक विचारू? ही मिरवणूक चालते बैलाच्या चालीनं. पुढे ट्रॅक्टर, मध्ये मयताची गाडी. तिथे वीसच्या वर काटा जात नाही. थरथर येते ऐंशीला. म्हणजे पाचरी नसत्या तरी आज काही हललं नसतं.”

नेव्हिओचा काटा ताटातच राहिला. शपथेवर सांगतो, हे त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं.

“मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं,” दिर्चे म्हणाली आणि चीजची वाटी पुढे ओढली. “वीस वर्षं ट्रकवाल्याची बायको होते मी. मिरवणूक काय, एका सकाळची. मला बघायचं होतं की सोमवारपासून हा मला घेऊन कसा पळतो.”

रिमिनीला तिनं टपालानं नाही, गाडीनंच जाऊन नकार कळवला. सप्टेंबरात लग्न झालं. टपरी चौकातच राहिली, नेव्हिओ आता तिथे तासभर उभा राहत नाही, आत बसून कांदे चिरतो.

लग्नानंतर पंधरा-वीस दिवसांनी तो एकटाच फाएन्झाला सामान आणायला गेला आणि दातखिळी बसलेल्या माणसासारखा परत आला. जाता-येता सबंध रस्ताभर गाडी थरथरत होती. वाटलंच होतं त्याला. दोघांच्या भाराला जुळवलेला कोन, एकटा बसला की पाठ वर उचलली जाणार आणि सांधे पुन्हा भांडणार. तो पाना घेऊन खड्ड्याकडे निघाला.

“जरा पातळ पाचर घालून बघतो,” तो दिर्चेला म्हणाला. “मधला कोन. दोघं असलो तर थोडीशी हलेल, एकटा असलो तर थोडीशी हलेल.”

दिर्चेनं कणकेतून हात काढलेसुद्धा नाहीत.

“त्या पाचरीला हात लावून तर बघ,” ती म्हणाली. “एकट्यानं जायचं असेल तर बस आहे.”